नळी दिली, पुढे काय?

मलाच्या तपासणीवर अग्रलेख लिहावा, हे काही वाचकांस रुचणार नाही. परंतु ज्या समाजाने विटाळाचे चटके पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्याने तरी हा संकोच आपल्या घरात ठेवू नये. शौचावाटे रक्त जाते हे वर्षभर पत्नीपासूनही लपविणारा आणि 'मूळव्याध असेल' म्हणून झाडपाल्यावर भागविणारा गृहस्थ आपल्या वस्तीत विरळा नाही.

डोळ्यांस रक्त दिसत असेल त्याने कोणत्याही नळीची वाट न पाहता सरळ डॉक्टर गाठावा. ही परीक्षा आहे ती न दिसणाऱ्या रक्ताची. मोठ्या आतड्यातील गाठीतून किंवा कर्करोगातून रक्त थेंबाथेंबाने झिरपते व मलात मिसळून जाते. घरीच कणभर नमुना नळीत घेऊन ते हुडकता येते. जुन्या पद्धतीत आधी काही दिवस मांसाहार वर्ज्य करावा लागे. नवी पद्धत केवळ मानवी रक्तच ओळखते, म्हणून तिला हे पथ्य नाही. मात्र उन्हात नमुना बिघडतो आणि असलेले रक्तही सापडत नाही. परभणीचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांस अधिक सांगणे नलगे.

जपानने १९९२ पासून चाळिशी गाठलेल्यांसाठी ही तपासणी देशभर सुरू केली. अमेरिकेतील मिनेसोटा येथे सुमारे ४६ हजार लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. दरवर्षी तपासल्या गेलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. हे यश एकट्या तपासणीचे नव्हे. ज्यांच्या मलात रक्त आढळले, त्यांचे आतडे पुढे दुर्बिणीने पाहिले गेले आणि सापडलेल्या गाठींवर उपचार झाले.

आपल्याकडे सरकारने २०१६ च्या मार्गदर्शिकेत तिशीपुढील स्त्रीपुरुषांच्या तपासणीसाठी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग घेतले. मोठे आतडे घेतले नाही. हा रोग पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडे कमी आहे, तेव्हा हा निर्णय अगदीच निराधार म्हणता येत नाही. शिवाय सापडलेले रक्त मूळव्याधीचे असू शकते, क्वचित अनवाणी पायांतून शिरलेल्या अंकुशकृमीचेही. मलात रक्त म्हणजे कर्करोग नव्हे. खरे कारण दुर्बिणीच कळणार.

म्हणूनच उद्या पिंगळीत कोणी शिबिर भरवून नळ्या वाटू लागले, तर प्रथम विचारावे: चिठ्ठीवर 'रक्त आढळले' असे आले, तर दुर्बिणीची तपासणी कोठे होणार, कोण करणार आणि खर्च कोणाचा? याचे उत्तर नसेल तर ती चिठ्ठी म्हणजे गरिबाच्या उशाशी ठेवलेली भीती होय. उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा प्रयोग झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूच्या एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. परंतु तपासणी न केलेल्या गटातील ६४ स्त्रिया त्या रोगाने दगावल्या. त्यांना सारे समजावून सांगितले होते काय, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. पत्र्याच्या घरातील बाईच्या संमतीचे मोल कोणी कमी लेखू नये.

कायदा या बाबतीत मुका नाही. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले आहे. न्यायालयात दाद मागता येत नाही अशा तत्त्वांपैकी ते एक, हे खरे. पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या शेतमजुराच्या प्रकरणात सरकारी रुग्णालयांनी तातडीचा उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग मानला, आणि पैशाची सबब ऐकली नाही. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, तपासणीस दिलेली संमती ही उपचारास दिलेली संमती नव्हे. शिबिरात अंगठा उठविण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्यावा. अहवालाची प्रत आपल्यापाशी ठेवावी.

दुर्बिणीच्या सोयीचा प्रश्न पुढील ग्रामसभेत लेखी मांडावा आणि उत्तरही लेखीच मागावे.