दार कोण उघडणार?

सकाळी आठच्या सुमारास कल्याण-कर्जत मार्गावरच्या विठ्ठलवाडीला सीएसएमटीची लोकल येते, ती बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरनेच भरलेली. वीस-पंचवीस सेकंद थांबते. तेवढ्यात मधला दांडा हाती लागला तो आत. ज्याला लागला नाही, त्याचा एक पाय दाराच्या कडेवर आणि पाठीवरची सॅक डब्याबाहेर. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना अशाच दारांतले प्रवासी खाली पडले. चौघे त्याच दिवशी गेले.

त्यानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे देण्याचे ठरवले. बिगर-वातानुकूलित गाड्यांच्या दारांना झडपा असतील आणि छतावरून हवा येईल, असेही सांगितले. निर्णय योग्यच आहे. मात्र दार बंद केले की आतल्या प्रत्येक माणसाचा जीव यंत्रणेच्या हवाली होतो, आणि त्यात काय चुकू शकते हे भुयारी रेल्वेने आधीच भोगले आहे.

देशातली पहिली भुयारी मेट्रो कोलकात्यात 24 ऑक्टोबर 1984 रोजी धावली. तिच्या बिगर-वातानुकूलित गाड्यांपैकी शेवटची निवृत्त झाली 2021 मध्ये. म्हणजे एकदा स्वीकारलेल्या रचनेबरोबर शहराने 37 वर्षे काढली. दरम्यान वातानुकूलित रेक आले. 27 डिसेंबर 2018 रोजी मैदान स्थानकाजवळ बोगद्यात अशा एका रेकला आग लागली. डब्यांत धूर भरला, दारे बंद होती, लोकांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या. पुढच्याच वर्षी, 13 जुलैला, पार्क स्ट्रीटला एका प्रवाशाचा हात दारात अडकलेला असताना गाडी सुटली आणि तो फरपटत गेला, त्यातच त्याचा जीव गेला. तो रेक नवा होता, चेन्नईच्या ज्या कारखान्यातून आपल्या लोकल येतात तिथलाच. दारात काही अडकले आहे हे ओळखणे हेच दाराच्या यंत्रणेचे काम होते.

बंद दारांचा धोका भुयारापुरताच नाही. मुंबईत 19 ऑगस्ट 2025 ला भर पावसात मोनोरेलवर गर्दीचा भार वाढला, वीजपुरवठा तुटला, एसी थांबला. साडेपाचशेहून अधिक माणसे हवेविना कोंडली गेली. अग्निशमन दलाने शिड्या लावून त्यांना बाहेर काढले.

दार उघडून उतरणेही सोपे नाही. जुलै 2023 मध्ये ठाकुर्ली-कल्याणदरम्यान पावसात लोकल अडकली, लोक रुळांवरून चालू लागले आणि एक तान्हे बाळ हातातून निसटून नाल्यात पडले. त्यामुळे दार केव्हा उघडायचे, कोणी उघडायचे आणि उतरलेल्यांना कुठून न्यायचे, याचा एकच लेखी नियम मोटरमन, गार्ड आणि प्रवासी तिघांना ठाऊक हवा.

आरे ते कफ परेड ही मेट्रो 3 हे सारे बरेच सांभाळते. 33.5 किलोमीटरच्या मार्गावर आठ डब्यांच्या गाड्या ठरल्या जागी थांबतात आणि फलाटालाही स्वतःची पूर्ण उंचीची दारे आहेत. कल्याण-कर्जत मार्गावर तसे नाही. तिथे लोकल, मेल आणि मालगाड्या एकाच रुळांवरून धावतात, फलाटांना सरकती दारे नाहीत, आणि गर्दी इतकी की दार मिटण्याआधी दोन-तीन जण त्यात अडकलेले असतील. अशा वेळी दार परत उघडले की गाडी उशिरा सुटते. एका स्थानकावर दहा सेकंद गेले तरी मागची गाडी खोळंबते. मग वेळापत्रक सांभाळायला कोणीतरी दार 'बंद झाले' असे मानून गाडी काढेल. मला खरी भीती तिथे वाटते.

मुंबईसाठी 238 वातानुकूलित रेक मंजूर आहेत. ते रुळांवर आले की निदान पाव शतक बदलता येणार नाहीत. म्हणून पहिल्या रेकची चाचणी रिकाम्या मार्गावर न घेता विठ्ठलवाडीच्या सकाळच्या गर्दीत घ्या. मनगट, पदर, सॅकचा पट्टा दारात अडकवून पाहा. वीज तोडून डबा किती वेळात तापतो ते मोजा, आणि निकाल फलाटावर लावा.