आक्रसलेले म्यान

दसऱ्याच्या शस्त्रपूजेसाठी काढलेला जुना सुरा म्यानात जाईनासा होतो आणि घरात वाद सुरू होतो. आमच्या बोळिंजमधल्या एका घरी तो ऐकला. कुणी तेल सुचवीत होते, तर कुणी म्हणे, कोमट पाण्यात भिजवून पाते दडपून बसवा. दोन्ही उपाय सद्हेतूचे. दोन्हींना माझा विरोध आहे.

बाभळीच्या सालीत वा हिरड्यात कमावलेले कातडे म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची वीण. नवे असताना ते साधारण ७५ ते ८५ अंश सेल्सियसपर्यंत ओली उष्णता सोसते. जीर्ण झाले की ही सहनशक्ती इतकी घटते की कोमट पाण्यानेही ते आखडू शकते, आणि असे आखडलेले तंतू पुन्हा उलगडत नाहीत. तेलाने चामडे काळवंडते, धूळ धरते. गेलेली लांबी काही परत येत नाही. शिवाय सालीतले टॅनिन लोखंडावर काळे डाग पाडते. पाते बाहेर राहणे दोघांच्याही हिताचेच!

मराठीच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पदरची ओवी घालणाऱ्याला त्यांनी खडसावून ठेवले. त्रुटित जागी संपादक टिंबे देतो, स्वतःचे शब्द कोंबत नाही. म्यान ताणणे हे मला तसेच कोंबणे वाटते. ताणले की आधी तुटते ती शिवण. आणि ज्या चर्मकाराने ते शिवले, त्याची तेवढीच खूण उरलेली असते. पात्याला आपण पूर्वजांचे नाव देतो, पूजा करतो. म्यान करणाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेर उभे केले होते. त्याचे टाके तरी आपण तोडू नयेत.

‘ही घरची वस्तू आहे, संग्रहालयातली नव्हे’ हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच सुऱ्यासाठी लाकडाचे नवे म्यान करावे, नवे दिसेल असेच, आणि आत साल लिहावे. जुन्याच्या पोकळीत आम्लविरहित कागदाचा सैल आधार भरावा, त्याला ऊन दाखवू नये. आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात बुरशीवर लक्ष ठेवावे. पूजेला ते पाटावर सुऱ्याशेजारी खुशाल मांडावे. हळदकुंकू मात्र लावू नये. जुन्या चामड्यात मुरले की निघत नाही.