फोन चार, घंटी मात्र गप्प!

सिरुसेरीहून (चेन्नई) एक भगिनी विचारतात, "घरात तीन फोन, शिवाय फॅक्स. बोलता येते, पण घंटी वाजत नाही. सासूबाई दिवसभर एकट्या. मोबाइल वापरत नाहीत."

भगिनी, घंटीची वीज लाइनमधूनच येते आणि ती मोजकीच असते. फायबरच्या डब्यातून तर बहुधा एक्स्चेंजपेक्षाही कमी. जोडलेले प्रत्येक यंत्र तिच्यातला वाटा घेते. जुना, खऱ्या घंटीचा फोन सर्वांत अधाशी! सगळी यंत्रे काढा. फक्त सासूबाईंचा फोन ठेवून मोबाइलवरून रिंग द्या. मग एकेक जोडत जा. ज्याच्यापाशी घंटी मंदावेल, त्याला निरोप द्या. तीन ठिकाणी फोन हवाच असेल, तर एका बेसवर चालणारे कॉर्डलेस हँडसेट घ्या; लाइनवर भार बेसचाच पडतो. वीज गेली की बेस बंद पडतो, म्हणून सासूबाईंजवळ साधा फोनच राहू द्या. फायबर असेल, तर डब्याला इन्व्हर्टर हवा.