ट्रॅक्टरला अनुदान मिळतं, पण रेडिएटरच्या झाकणाचं कोण सांगणार?



पाडवा-दसरा आला की आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नव्या ट्रॅक्टरचे फोटो सुरू होतात. हार, नारळ, पेढे, चावी देताना कुणी साहेब नाहीतर पुढारी. आनंदाचीच गोष्ट आहे. पण तोच ट्रॅक्टर तीन-चार वर्षांनी ऐन पेरणीत गॅरेजला उभा असतो, तेव्हा फोटो काढायला कुणी फिरकत नाही.

इंजिनाचं मोठं काम निघालं की लाखाच्या आसपास बिल जातं. आणि मुळाशी बऱ्याचदा निघते पाचशेच्या नोटेत बसणारी वस्तू. चारच उदाहरणं देतो.

पहिलं, रेडिएटरचं झाकण. हे फक्त पाणी सांडू नये म्हणून नसतं. त्यात स्प्रिंग आणि रबराची वायसर असते, ती आत दाब धरून ठेवते. उघड्यावर पाणी १०० अंशाला उकळतं, अर्धा बार दाब असला तर साधारण १११ अंशाला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो आणि नांगरणी तेव्हाच चालते. तेव्हा हे दहा-अकरा अंश म्हणजे इंजिनाचा जीव. वायसर गेली की पाणी उकळून उडून जातं, आणि आपण झाकणावर फडकं गुंडाळून वेळ मारून नेतो. (आणि हो, गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. वाफेने तोंड भाजतं.)

दुसरं, एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाईप. फिल्टर लोक साफ करतात, पण या पाईपाला चीर पडलीय का, क्लिप ढिली आहे का, हे बघत नाहीत. चीर फिल्टरच्या पुढे असेल तर धूळ थेट आत जाते, मग फिल्टर कितीही चकचकीत ठेवा. रोटाव्हेटर मारताना केवढी धूळ उडते ते आपण रोज बघतो. ती धूळ रिंग-पिस्टन घासून खाते. ट्रॅक्टर काळा धूर सोडतो, ऑईल पितो, आणि आपण म्हणतो "कंपनीच खराब".

तिसरं, रोटाव्हेटरच्या शाफ्टचा शिअर बोल्ट. तुटणं हेच त्याचं काम आहे. पात्याला दगड लागला की बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. "सारखा तुटतो" म्हणून त्याच्या जागी कडक बोल्ट नाहीतर सळईचा तुकडा ठोकला, की पुढच्या दगडाला गिअरबॉक्स जातो. वीस-तीस रुपये वाचवायला गेलो आणि हजारोंना बसलो.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते पैशाचं नाही. पीटीओ शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर. ग्रीस मारायला अडचण होते म्हणून आधी तेच काढून फेकतात. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. थ्रेशरवर ज्वारी-मका टाकणाऱ्या बाईच्या पदराचं टोक त्यात सापडलं, तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. त्या बाईचा ट्रॅक्टर नसतो, अनुदान नसतं, ती रोजाने आलेली असते.

आता मुद्द्याचं. कृषी यांत्रिकीकरणाचं उपअभियान २०१४-१५ पासून सुरू आहे. आदिवासी, अनुसूचित जाती, महिला, अल्पभूधारक यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के अनुदान, ठरलेल्या मर्यादेत. योजना चांगलीच आहे. पण यश मोजलं जातं किती यंत्रं दिली यावर. पाच वर्षांनी त्यातली किती चालू आहेत, हा प्रश्न कोणत्या आढावा बैठकीत ऐकलाय का? गटाच्या अवजार बँकेत तर आणखी अवघड. ट्रॅक्टर दहा जणांचा, चालवणारा अकरावा, ग्रीस मारायची जबाबदारी कुणाचीच नाही.

"कंपनीची सर्व्हिस आहे ना" असं म्हणणारे भेटतात. भाऊ, फुकटची सर्व्हिस सुरुवातीच्या ठराविक तासांपुरती असते. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावर मेकॅनिक यायचा म्हणजे दिवस जातो. पहिल्या पावसानंतर पेरणीचा वाफसा चार दिवस टिकतो. त्यातले दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर ट्रॅक्टरवाल्याचं भाडं बुडतं, पण त्याच्यावर अवलंबून असलेल्या दहा घरांचा हंगामच मागे पडतो.

शेतकऱ्याला ट्रॅक्टर शिकवायची सोय देशात नाही असं नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था १९५५ पासून आहे. पण आपल्या तळोद्याचा पोरगा तिथे कधी जाणार? ते शिक्षण इथे यायला हवं. त्यासाठी नवीन इमारत लागत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत:

१. अनुदानाचा ट्रॅक्टर किंवा अवजार देताना, जो प्रत्यक्ष चालवणार आहे त्याला एक दिवसाचं देखभाल प्रशिक्षण सक्तीचं करा. मालकाला नाही, ड्रायव्हरला.

२. कृषी विज्ञान केंद्र आणि आयटीआय यांनी मिळून मे महिन्यात सहाही तालुक्यांत शिबिरं घ्यावीत. मराठीबरोबर भिली, पावरी, अहिराणीतही समजावून सांगा.

३. पीटीओ कव्हर नसलेला थ्रेशर खळ्यावर चालू द्यायचा नाही, असा ठराव ग्रामसभांनी करावा. हे तर आपल्याच हातात आहे, सरकारची वाट कशाला बघायची?

४. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय. दुकानात तो फरक मिळतोय का, हे बघणारी यंत्रणा हवी. तोवर तुम्ही पक्कं बिल मागा. बिल नसेल तर नकली पार्टची तक्रारही करता येत नाही.

उद्या सकाळी ट्रॅक्टरला चावी लावण्याआधी पाच मिनिटं काढा. थंड इंजिनाचं झाकण, रबरी पाईप, बोल्ट, कव्हर. एवढंच बघा.

तुमच्या गावात अवजार बँकेचा ट्रॅक्टर असेल तर तो आज चालू आहे की उभा, ते गावाच्या नावासह खाली लिहा. यादी झाली की ती घेऊन कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊ.