जाळ्याचा दोर कोठे बांधला?

बांधकामाच्या परांचीखाली ताणलेले जाळे आणि शासकीय भाषेतील ‘सामाजिक सुरक्षेचे जाळे’ यांचा धर्म एकच: पडणाऱ्याला जमिनीवर आदळण्यापूर्वी झेलणे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाच्या कामावर अशा जाळ्याने 19 कामगारांचे प्राण वाचविले. मात्र 17 फेब्रुवारी 1937 रोजी कोसळलेल्या मचाणाचा भार त्याला पेलवला नाही आणि 10 जण दगावले. म्हणून जाळ्याविषयी तीन प्रश्न विचारावे लागतात: वीण किती घट्ट, भार किती आणि दोर कोठे बांधलेला.

बिदर जिल्ह्यातील भालकीसारख्या सीमेवरील तालुक्याला तिसरा प्रश्न अधिक जाचतो. तेथे जाळ्यांची वाण नाही. रोजगार हमीचा केंद्रीय कायदा 2 फेब्रुवारी 2006 रोजी ज्या पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, होते. 2013 पासून घटनेच्या 371 (जे) कलमान्वये या भागाला शिक्षण व नोकऱ्यांत आरक्षण आहे. 2023 मध्ये ‘गृहलक्ष्मी’ योजनेने कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा 2,000 रुपये देऊ केले.

परंतु यांचे दोर गावाशी वा राज्याशी बांधलेले आहेत. 2005 च्या कायद्यातील काम शक्यतो गावापासून 5 किलोमीटरच्या आत द्यायचे होते. पोटासाठी राज्य सोडणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. उत्तर कर्नाटकातील अनेक मजूर गोव्यात बांधकामावर येतात. येथील ‘गृह आधार’ व ‘दयानंद सामाजिक सुरक्षा’ योजनांना 15 वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे केंद्राचे धान्य तेवढे कोठेही मिळते. परिणामी मजूर जेथे उंचावर चढतो, तेथेच त्याच्याखालचे जाळे सर्वांत विरळ असते. 4 जानेवारी 2014 रोजी काणकोणात बांधकामाधीन इमारत कोसळून 31 जणांचा बळी गेला, तेव्हा गोव्याने हे पाहिले आहे.

वाट मात्र कायद्यातच होती. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने 18 ते 60 वयाच्या आणि वर्षात 90 दिवस काम केलेल्या मजुराला नोंदणीचा हक्क दिला. त्यासाठी बांधकाम खर्चावर उपकरही घेतला जातो. येथे अट कामाची आहे, वास्तव्याची नाही. मग नोंदणीसाठी मजुरानेच कार्यालयाचे उंबरठे का झिजवावेत? उपकर बांधकामावर वसूल होतो, तर नोंदणीही बांधकामाच्या जागीच, मजुराला कळणाऱ्या भाषेत व्हावी. भालकीच्या माणसाचा दोर गोव्यातही बांधता येईल, तो असा.