निवडणूक संपली, बंदूक गंजली. आता घरीच काळा रंग चढवायचा का?

कुडाळ : २०२४ साली आपल्या जिल्ह्यात दोनदा आचारसंहिता लागली. पहिली १६ मार्चला लोकसभेची, दुसरी १५ ऑक्टोबरला विधानसभेची. पहिली ऐन काजूच्या हंगामात आणि दुसरी भात कापणीत. दोन्ही वेळा शेतीसंरक्षणाच्या बऱ्याच बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या. त्या काळात डुकरांनी आणि माकडांनी काय केलं ते वेगळं सांगायला नको, त्यावर खूप लिहून झालंय. आज विषय आहे तो परत आलेल्या बंदुकीचा.

लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. नियमाप्रमाणे बंदूक हातात मिळते त्यानंतर आठवडाभराने, म्हणजे तोवर आपल्याकडे मिरग सुरू. अडीच-तीन महिने खोलीत एकावर एक रचलेल्या नळ्या, वरून कोकणातली खारी दमट हवा. आमच्या वडिलांच्या काळातली एकनळी मी घरी आणून गोणपाट सोडलं, तर नळीवर मूठभर लांब तांबूस पट्टा. पावतीवर बंदुकीचा नंबर होता, पण ती कोणत्या अवस्थेत घेतली याची एक ओळ नव्हती. मग तक्रार कुणाकडे करणार?

असं झालं की माणूस घरगुती उपाय शोधतो. शेजारच्या वाडीतल्या एका काकांनी सांगितलं, "पॉलिशपेपरान घासलंय, गंज गेलो, पण आता नंबरच दिसणा नाय." काका हसत होते. मला मात्र हसू आलं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा खूण पुसणं, बदलणं यालाच मनाई आहे. पुसलेला नंबर ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच तो पुसला असं कायदा आधी धरून चालतो. तसं नाही हे सिद्ध करायचं काम आपलं. गंज काढताना पिढीजात परवाना धोक्यात घालायचा म्हणजे उंदरासाठी घर जाळण्यासारखं आहे.

आता रंगाचं. बंदुकीच्या नळीचा निळसर काळा रंग हा पेंट नसतो. तो लोखंडाचाच काळा ऑक्साईड, म्हणजे एका अर्थी गंजच, पण घट्ट बसलेला. लाल गंज पापुद्र्याने सुटतो आणि ओल धरतो, काळा थर अंगाला चिकटून राहतो आणि तेल धरून ठेवतो. जुने कारागीर नळीवर मुद्दाम बारीक गंज आणून, ती उकळत्या पाण्यात ठेवून, तो लाल थर काळा करत. हे काम ते अनेक दिवस पुन्हा पुन्हा करत. कारखान्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या द्रावात साधारण १४० अंशाला हे पटकन होतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून हेच परसात करावं असं काही तरुणांच्या डोक्यात आहे. त्यांना एवढंच सांगतो : त्या तापलेल्या द्रावात पाणी पडलं तर ते उसळून तोंडावर येतं, डोळे जातात. शिवाय दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी बऱ्याचदा कथलाच्या डाकाने जोडलेली असते. तो डाक हा द्राव खातो. बंदूक बाहेरून नवी दिसेल आणि आतून सुटलेली असेल. बाटलीतलं थंड औषध मिळतं, त्यात सेलेनियमची विषारी क्षारं असतात, आणि तो रंग आपल्या पावसात फार टिकत नाही.

मग गावच्या लोहाराकडे द्यावी? त्यातही गोची आहे. बंदूक दुरुस्तीला कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. नळीला नुसता रंग देणं दुरुस्तीत बसतं का यावर वकील वाद घालतील, पण तोवर त्या बिचाऱ्या लोहाराने आत बसायचं का? परवानाधारक कारागीर शोधायचा तर शेतकऱ्याचा अख्खा दिवस आणि गाडीभाडं जातं. तरी खड्डे पडले असतील तर त्याच्याकडेच न्यावी, कारण खड्डा नळीच्या आत असेल तर रंगाने काही होत नाही, बार उडवणंच धोक्याचं.

आपल्या हातात आहे ते साधं. पुसणं आणि तेल देणं. ठासणीच्या बंदुकीत उरलेली दारूची काजळी ओल ओढते, म्हणून ती गरम पाण्याने धुवून, पूर्ण सुकवून मगच तेल. खोबरेल नको, ते चिकटतं. मशीनचं तेल घ्या. कातडी म्यान किंवा गोणपाटात महिनोन्महिने ठेवू नका.

सरकारच्या हातात आहे ते याहून सोपं आहे. कुणाची बंदूक जमा करायची हे छाननी समितीने एकेकाचं प्रकरण बघून ठरवायचं असतं. सरसकट नोटीस काढायची गरज नाही. आणि ज्यांची घेतात त्यांना पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून, दोन फोटो काढून द्यावेत, तेल पुसायला महिन्यातून एकदा मालकाला बोलवावं. पुढच्या वेळी जमा करायला जाताना मी फोटो घेऊन जाणार आहे आणि त्यावर सही मागणार आहे. देतात की नाही ते इथेच कळवतो.