पाय कोरडे असलेली चर्च

नॉर्वेच्या पश्चिम भागात, फ्योर्डच्या काठी, उर्नेस हे छोटे गाव आहे. तेथील लाकडी चर्च 1130 च्या सुमाराचे असून 1979 साली त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीत आणखी जुन्या, अकराव्या शतकातील चर्चचे कोरीव प्रवेशद्वार बसवले आहे. एकमेकांत गुंतलेल्या सडपातळ प्राण्यांची ती नक्षी इतकी सफाईदार आहे की त्या शैलीलाच पुढे ‘उर्नेस’ हे नाव मिळाले.

अशा चर्चला स्टाव्हकिर्के, म्हणजे खांबांचे चर्च, म्हणतात. पाऊस आणि बर्फाच्या प्रदेशात हे लाकूड टिकले कसे? आधीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत. ओल चढून त्यांचे बुंधे कुजत. पुढे सुतारांनी दगडी पायावर जाड आडव्या तुळया ठेवल्या आणि खांब त्यांवर उभे केले. लाकूड मातीपासून सुटले, खालून हवा खेळू लागली.

वरून संरक्षण डांबराचे. हे रस्त्यावरचे डांबर नव्हे. राळेने भरलेले पाइनचे लाकूड भट्टीत कोंडून तापवले की ते पाझरते. उन्हाकडच्या भिंतींवरून ते लवकर उडते, म्हणून पुन्हा पुन्हा चोपडावे लागते. बोर्गुंडच्या चर्चचा काळा रंग याच डांबराचा आहे. डेंड्रोक्रोनोलॉजीने, म्हणजे लाकडातील वाढीची वलये मोजून, या चर्चचा काळ 1180 च्या आसपासचा ठरला आहे.

एके काळी अशी शेकडो चर्च होती. नॉर्वेत आज 28 उरली आहेत. 1349 च्या प्लेगने अनेक वस्त्या ओस पडल्या. पण मोठा घाव कायद्याचा होता: 1851 च्या कायद्याने चर्चमध्ये वस्तीच्या तीन-दशांश लोकांना जागा हवी, असे ठरवले. लहान चर्च पाडली गेली. 1844 साली स्थापन झालेल्या वारसा-संरक्षण संस्थेने काही विकत घेऊन वाचवली. उर्नेस आणि बोर्गुंड आजही तिचीच आहेत. गोल गावचे चर्च ऑस्लोला हलवण्यात आले.

1992 साली बर्गनजवळचे फान्टोफ्टचे चर्च जाळण्यात आले. ते पुन्हा बांधले, पण जुने लाकूड गेले ते गेलेच.

ऑस्लोत गोलचे चर्च पाहणे सोपे आहे, तरी प्रवाशाने उर्नेसपर्यंत जावे, असे आम्हाला वाटते. गावाशिवाय चर्च अपुरे दिसते. नॉर्वे सरकारने 2001 ते 2015 या काळात या सर्व चर्चची दुरुस्ती हाती घेतली, हे योग्यच झाले. मात्र डांबर दर पिढीला लागणार आहे. त्यामुळे ते गाळणाऱ्या आणि जुन्या पद्धतीने लाकूड तासणाऱ्या हातांना सतत काम देणे, हाही संरक्षणाचाच खर्च मानायला हवा.